आत्याचा उजवा डोळा

मनकर्णा आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वैशाखात झालं आणि ज्येष्ठ उजाडला तरी त्या डोळ्यानं तिनं काहीही बघितलेलं नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं, डोळा उत्तम आहे. आत्याचं म्हणणं, असंल. पण उघडणार नाय.

झालं ते असं. पट्टी काढायच्या दिवशी मी आणि माझी बायको आशा तिच्या दोन बाजूंना उभे होतो. डॉक्टरांनी कापूस बाजूला केला आणि म्हणाले, "आजी, हळूच उघडा." आत्यानं पापणी जराशी किलकिली केली, लगेच गच्च मिटली आणि बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "माहा नवस हाय. ह्या डोळ्यानं पहिलं दर्शन जगन्नाथपुरीच्या देवाचं घीन. तवर कुणाचं तोंड बघणार नाय."

"हे तुम्ही ऑपरेशनच्या आधी का नाही सांगितलं?" डॉक्टर म्हणाले.

"आधी कुणी इचारलं का?"

जगन्नाथपुरीच का, हेही तिनं सांगितलं. तिच्या गावी, करमाडला, शेजारच्या एका किराणा दुकानात त्या देवाचं कॅलेंडर होतं. काळा चेहरा आणि त्यावर बशीएवढे गोल डोळे. "ज्याचेच डोळे एवढाले, त्यालाच डोळ्याचं कळणार. बाकीच्या देवांना काय कळतंय?" डॉक्टरांनी थेंबांची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. करमाडला एकटी राहायची. नवरा, म्हणजे आमचे कडूबा मामा, जाऊन अकरा वर्षं झाली होती. गावातल्या निम्म्या गोधड्या तिच्या हातच्या. सुईत दोरा स्वतः ओवायची आणि दुसऱ्याचा टाका वाकडा गेला तर तोंडावर सांगायची. दोन्ही डोळे पिकल्यावर ते बंद झालं आणि मी तिला औरंगाबादला, पडेगावच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं. उजवा डोळा आधी करायचा, तो बरा झाला की डावा, आणि मग आत्या परत करमाडला, असा बेत होता. उजवा डोळा उघडल्याशिवाय डॉक्टर डाव्याला हात लावेनात. म्हणजे सगळा बेत त्या एका पापणीवर येऊन थांबला होता.

दिवसातून चारदा थेंब घालायचे होते. आशा थेंब घालायला बसली की आत्या बुबुळ इतकं वर चढवायची की आशाला नुसतं पांढरं दिसायचं. थेंब पडला की वर पुन्हा स्वच्छ फडक्याची घडी, त्यावर पदर. हळूहळू डावा डोळाही आणखी धूसर होत चालला. भिंतीला हात लावत न्हाणीकडं जाणाऱ्या आत्याकडं बघून एक दिवस आशा म्हणाली, "अहो, न्या ना एकदाचं त्यांना पुरीला."

माझी नोकरी सरकारी कचेरीत, आस्थापना शाखेत. चारशे माणसांच्या रजा माझ्या टेबलावरून जात. कोण खरंच तापानं फणफणलाय आणि कोण मेहुणीच्या लग्नाला गेलाय, हे मला अर्ज उघडायच्या आधी कळायचं. अशा माणसाला स्वतःची रजा मिळायला दोन आठवडे लागले, ही गोष्ट वेगळी. साहेबांनी नऊ दिवस दिले आणि वर लिहिलं, 'मुदतवाढ मिळणार नाही.' तो शेरा मीच त्यांना शिकवला होता.

मग आशानं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, वटपौर्णिमा झाल्याशिवाय मी निघणार नाही. प्रवासात वड कुठं शोधत फिरू? हे आत्यालाही पटलं. तेव्हा आशानं वडाला सात फेऱ्या मारून माझी सात जन्मांची सोय लावली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तिकिटं आश्चर्य वाटावं इतक्या सहज मिळाली. जाताना, येताना, तिघांनाही बसायला-झोपायला जागा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इलियासला मी ते अभिमानानं दाखवलं.

त्यानं तिकिटं उलटी-सुलटी करून बघितली. "बद्रीभाई, जिधर सीट इतने आरामसे मिल्री, उधर जाना नक्को."

"का?"

"कुछ तो गडबड रहती ना."

मनमाडला एकदा आणि पुढं दोनदा गाडी बदलून, दोन रात्री काढून आम्ही पुरीला उतरलो. गडबड काहीच दिसेना. स्टेशन मोकळं. रिक्षावाले भांडत नव्हते. हॉटेलच्या मॅनेजरनं न मागता समुद्राकडची खोली दिली आणि वर थँक्यू म्हणाला. मी आशाला म्हटलं, "बघ, नियोजन म्हणतात ते हे." आत्या फडक्याच्या आडून म्हणाली, "देवाच्या गावात माणसं काहून नाईत रं?"

याचं उत्तर दुपारी मिळालं. देवळातला एक पंडा आला. गोल, हसतमुख, कपाळभर चंदन. कुठून आलात, किती जण, सगळं विचारून झाल्यावर त्यानं आवाज खाली आणला. "ठाकुरजी बीमार हैं."

मला वाटलं, ठाकूर नावाचा कुणी माणूस असेल.

तसं नव्हतं. ठाकुरजी म्हणजे जगन्नाथच. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला, म्हणजे आशा वडाला फेऱ्या मारत होती त्याच दिवशी, पुरीत देवाला एकशे आठ घागरींनी अंघोळ घालतात. चारचौघांत, उघड्यावर. त्यानं देवाला ताप येतो. मग तो, त्याचा भाऊ आणि बहीण असे तिघंही पंधरा दिवस आतल्या खोलीत पडून असतात. दर्शन बंद. फळं, पथ्याचं पाणी, काढे. पंधरा दिवसांनी बरा होऊन देव बाहेर येतो आणि मग रथयात्रा. साऱ्या देशाला हे ठाऊक आहे, म्हणून या पंधरवड्यात पुरीला कुणी येत नाही. वटपौर्णिमा आटोपून निघणारी आम्ही तीन मंडळी सोडून.

"आज कितवा दिवस?" मी विचारलं.

"पाँचवाँ."

म्हणजे अजून दहा. आमची परतीची गाडी परवा. मी सवयीनं मेडिकल सर्टिफिकेट आहे का असं विचारणार होतो, पण आशानं माझ्याकडं बघितलं.

"ताप हाय व्हय?" आत्यानं एवढंच विचारलं.

पंडा धंद्यात मुरलेला होता. त्यानं दोन उपाय सुचवले. एक, आठ कोसांवर दुसरं देऊळ आहे, या दिवसांत दर्शन तिथं घेतात. दोन, मंदिरातच जा. देवांच्या जागी तीन पट टांगलेले असतात, कापडावर रंगवलेले. देव बरा होईपर्यंत पूजा त्या पटांची होते. फूल, नैवेद्य, सगळं त्यांनाच.

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. कारण ही व्यवस्था मला ओळखीची होती. मंदिराकडं जाताना मी आत्याला समजावलं, "साहेब रजेवर गेले की काम थांबत नाही. त्यांचा कार्यभार दुसऱ्याकडं देतात. त्याला म्हणतात प्रभारी. प्रभारीची सही साहेबाच्या सहीइतकीच चालते. शासन निर्णय आहे. आत जो पट आहे, तो प्रभारी देव. त्याच्यासमोर डोळा उघडला की नवस फिटला."

आत्या माझा दंड धरून चालत होती.

आत गर्दी नव्हतीच. बांबूच्या तट्ट्यावर तीन पट टांगलेले. पिवळे, लाल, काळे रंग, चार-चार हातांच्या मूर्ती, कडेनं वेलबुट्टी. आत्यानं डावा डोळा बारीक केला. तिला रंगाच्या डागांपलीकडं काही दिसत नसावं.

"कसे हायेत डोळे?" तिनं हळूच विचारलं.

"छान आहेत. लांबट. माणसासारखे."

"गोल नाईत?"

"नाहीत."

"मंग हे ते न्हवं."

"आत्या, हा प्रभारी—"

"गप रं. तुमच्या परभारी साहेबानं माहा सात-बारा तीन वर्सं अडकून ठिवला व्हता. मोठा साहेब आला तवा झाला. चल."

आम्ही बाहेर आलो.

संध्याकाळ व्हायची होती. आशा खोलीत पडली आणि मी व्हरांड्यात आत्याजवळ बसलो. समोर समुद्र. आत्यानं समुद्र आयुष्यात बघितला नव्हता. आताही बघत नव्हती, ऐकत होती.

मी जरा चिडूनच म्हणालो, "परवा गाडी आहे. डोळा झाकून आणला, झाकूनच परत न्यायचा का?"

तिनं पदराचा काठ बोटांत चाचपला. मग म्हणाली, "बद्या, एक सांगू का? आशाला सांगू नको."

"सांग."

"मला बरं वाटलं."

"काय?"

"देवाला ताप हाय म्हणला ना तो मानूस. तवा. देवा, माफ कर, पण मला लई बरं वाटलं."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"त्या दिशी पट्टी काढली ना," ती म्हणाली, "तवा म्या बघितलं व्हतं. जरासं. डागदर न्हवता, तू न्हवतास, आशा न्हवती. नुस्तं पांढरं. दूध सांडल्यावानी. तुह्या मामाचं बी असंच झाल्तं. शिबिरात डोळा केला, पट्टी काढली, म्हणले, मनकर्णे, सगळं पांढरं दिसायलंय. मी म्हणलं, दिसंल हळूहळू. मरस्तवर पांढरंच राह्यलं. भाकरीचं ताट समोर ठिवलं तरी हातानं चाचपायचे."

"मग नवस?"

"नवस कशाचा? तोंडाला आला तसा बोलले. झाकून ठिवला म्हंजी गेला असं कुणी म्हणत नाय. मी बी म्हणत नाय." तिनं फडक्याची घडी नीट केली. "हितं आल्यावर उघडावाच लागला असता. रातभर गाडीत डोळ्याला डोळा लागला न्हवता. अन हितं बघावं तर देवच आजारी."

आमच्याकडं एखादा अर्ज नामंजूर होणार अशी भीती असली की अर्जदार तो पुढं सरकूच देत नाही. फाईल प्रलंबित आहे तोवर आशा आहे. मी अशा माणसांना वीस वर्षं हसत आलो होतो.

"डॉक्टर म्हणाले डोळा चांगला आहे," मी म्हणालो.

"त्यो भाईरून बघतो. आतून मला बघायचं हाय."

दुसऱ्या दिवशी आशाला चित्र घ्यायचं होतं. पंड्यानं सांगितलं की बाजारात घेऊ नका, रघुराजपूरला जा, तिथं घराघरांत चित्रकार आहेत. आत्याला एकटीला ठेवता येईना, म्हणून तिलाही रिक्षात घातलं. आतून मी हरलो होतो. परत जायचं, डॉक्टरांना खरं सांगायचं, आणि पुढं जे होईल ते.

रघुराजपूर म्हणजे नारळीच्या झाडांत दोन ओळी घरं. प्रत्येक ओसरी रंगवलेली, प्रत्येक ओसरीवर कुणीतरी मांडी घालून काही रंगवतंय. आम्ही ज्या ओसरीवर टेकलो तिथल्या चित्रकाराचं आडनाव महाराणा होतं. महाराणा लुंगी नेसून, उघड्या अंगानं, जाड भिंगांचा चष्मा लावून जमिनीवर ओणवे झाले होते. त्यांनी आमच्याकडं न बघता मुलीला पाणी आणायला सांगितलं आणि काम चालू ठेवलं.

पुढ्यात चौरस पट होता. तीन देव. मधली पिवळी बहीण, एका अंगाला पांढरा भाऊ, दुसऱ्या अंगाला काळा जगन्नाथ. हार, मुकुट, किनार, सगळं पूर्ण. फक्त जगन्नाथाच्या चेहऱ्यावर दोन मोठे पांढरे गोल, त्यांभोवती लाल रेघ, आणि आत काही नाही.

आशा म्हणाली, "अय्या, याला डोळेच नाहीत."

आत्यानं मान वळवली. करमाडला तिच्या शेजारी जमिला चाचीचं घर, त्यामुळं तिला हिंदी अडत नाही. तिनं सरळ विचारलं, "आँखा काहेकू नै काढे?"

महाराणांनी ब्रश खाली ठेवला. "आँख सबसे आखिर में, माँ. बाकी दोनों की हो गई. इनकी आज."

"आखरी में काहेकू?"

"आँख दे दी तो ये देखने लगते हैं. और आँख बिगड़ी तो पूरा पट बेकार. पोंछ नहीं सकते."

"कितने साल से काढते तुम?"

"चालीस."

"फिर बी डर लगता?"

ते हसले. "हर बार. सुबह से तीन बार बैठा, तीन बार उठा. अभी आप लोग आए तो सोचा, अच्छा हुआ, और थोड़ी देर टल गया."

आत्या माझ्याकडं वळली. "चाळीस वर्सं झाली, तरी भेतो म्हण," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि आणखी काहीतरी, जे मी तिच्याकडून बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मग ती हात टेकत टेकत पुढं सरकली, पटाच्या अगदी काठाशी. "काढो," ती म्हणाली. "मैं बैठती. काढो."

महाराणांनी एकदा तिच्याकडं बघितलं, तिच्या फडक्याकडं बघितलं. काय समजले कोण जाणे. त्यांनी उंदराच्या केसांचा बारीक ब्रश नारळाच्या करवंटीतल्या काजळीत बुडवला, टोक नखावर टेकवून बघितलं, श्वास रोखला आणि पहिल्या पांढऱ्या गोलाच्या मधोमध काळा ठिपका ठेवला. तो गोल गोल वाढवत नेला. मग दुसरा.

पहिला डोळा भरला तेव्हा आत्यानं पदर मागं सारला. दुसरा भरला तेव्हा फडकं काढलं. कुणाला काही न सांगता.

पापणी उघडायला वेळ लागला. इतक्या दिवसांचं मिटणं होतं. मी आत्याकडं बघत होतो, आशा आत्याकडं बघत होती, महाराणा पटाकडं बघत होते. आत्याचा उजवा डोळा उघडला, त्यातून पाणी आलं, तिनं ते पुसलं आणि पटावर वाकली. पटाची कड हातानं चाचपली. मी मनात म्हटलं, पांढरं. पांढरंच दिसतंय तिला.

"मुंगी," आत्या म्हणाली.

"काय?"

"मुंगी हाय. तिथं. डोळ्याखालच्या लाल रेघवर. हलायली बघ."

मी वाकलो. मला रेघ दिसली, मुंगी दिसली नाही. आशाला दिसली नाही. महाराणांनी चष्मा पुसला, नाक पटाला लागेल इतके खाली गेले, आणि मग "अरे अरे" म्हणत ब्रशच्या मागच्या टोकानं लाल रेघेवरून एक लाल मुंगी उचलली. मोहरीच्या अर्ध्याएवढी. आणखी चार पावलं चालली असती तर ओल्या काजळीत गेली असती, आणि तिच्यामागून देवाची नजर सगळ्या गालावर.

"माँ," महाराणा म्हणाले, "आपकी आँख तो मेरी आँख से तेज़ है."

मी ओसरीच्या खांबाला टेकलो. आशा एकदम रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "आत्या, तुमचं पहिलं दर्शन मुंगीचं झालं हो."

"मुंगी कुठं व्हती? देवाच्या अंगावर ना? मंग देवाचंच झालं." आत्यानं डाव्या डोळ्यावर तळवा झाकला आणि उजव्यानं आशाला नीट खालून वर न्याहाळलं. "ही साडी तुला कुणी घेऊन दिली गं?"

"ह्यांनी."

"तरीच." मग माझ्याकडं वळली. "अन तू काहून एवढा म्हातारा झालास?"

त्यानंतर संध्याकाळपर्यंत आत्या गप्प बसली नाही. रिक्षातून परतताना डावा डोळा झाकून तिनं नारळ मोजले, बकऱ्या मोजल्या, एका दुकानाच्या पाटीवरची उडिया अक्षरं वाचून बघितली आणि ती सगळी जिलब्यांसारखी आहेत असा निकाल दिला. समुद्रावर नेली तर पाच मिनिटं उभी राहिली. "लई हाय," एवढंच म्हणाली. औरंगाबादला परतल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, पट्टी काढल्यावर सुरुवातीला डोळ्याला सूज असते, बऱ्याच जणांना तेव्हा धुकंच दिसतं, चार-आठ दिवसांत निवळतं. मी म्हणालो, हे तेव्हाच सांगायला नको होतं का? ते म्हणाले, सांगणारच होतो, पण आजींनी डोळा मिटला आणि मला नवसच ऐकवला.

पण ते नंतरचं. पुरीहून निघायच्या दिवशी सकाळी आम्ही मंदिराच्या सिंहद्वारासमोर उभे राहिलो. आत जायचं कारण नव्हतं. आत पट होता आणि त्यापलीकडं कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत देव पडून होता. मी आत्याला म्हणालो, "देव बरा झाला की पुन्हा येऊ. मी आतापासून रजेचा अर्ज टाकतो."

"येऊ की." तिनं हात जोडले आणि देवळाच्या शिखराकडं, वरच्या झेंड्याकडं दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं. मग जरा मोठ्यानं बोलली, आतल्या माणसाला ऐकू जावं तशी. "घाई करून उठू नको बाबा. माणसं बाहेर वाट बघायलेत म्हणून काय झालं? बघू दे. पहिल्या दिशी समदं पांढरं दिसतं, भिऊ नको."

शेजारी आमचा पंडा उभा होता. त्यानं मला विचारलं, माँजी काय म्हणाल्या?

मी सांगायच्या आतच आत्यानं त्यालाच धरलं आणि देवाच्या काढ्यात आलं घालता का नाही, याची चौकशी सुरू केली.